बांगडीची दांडी, झुमक्याची फळी

कटलरीच्या दुकानात बाईला जे दिसतं तेच ती मागते. ठुशी कितीही घसघशीत असो, पुडीत गुंडाळून खोक्यात पडली असेल तर महिनोन्‌महिने पडूनच राहते. तीच फळीवर नीट मांडली की संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी गळ्यात जाते. घरातही तेच. लग्नातले झुमके, बहिणीने दिलेल्या मोत्याच्या कुड्या, हौसेने घेतलेला तोडा, सगळं एका स्टीलच्या डब्यात. वर रोजच्या बांगड्या, खाली साखळ्यांचा गुंता. सणाच्या दिवशी घाईघाईत डबा उपडा करायचा आणि हाताला लागेल ते घालून निघायचं. निम्मे दागिने केवळ डोळ्यांसमोर नसतात म्हणून अंगावर चढत नाहीत.

जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा गावात आमचं बांगड्यांचं आणि कटलरीचं दुकान आहे, सासऱ्यांच्या वेळेपासूनचं. दुकानातले सगळे स्टँड, फळ्या, खण आणि ट्रे मी स्वतः लाकडाचे केले आहेत. गिऱ्हाईक बायका दागिना बघता बघता स्टँडही उचलून बघतात. "वहिनी, हाई दखाडा बरं," म्हणून बोट करतात ते झुमक्याकडे नसतं, झुमका लटकवलेल्या फळीकडे असतं. मग घरच्यासाठी करून द्या म्हणून मागणी होते. प्रत्येकीला काउंटरवर उभ्याउभ्या सगळं सांगता येत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते. ज्यांच्या घरात करवत आणि पॉलिश पेपर आहे त्यांना हे घरी करता येईल.

तयार स्टँड बाजारात मिळतात हे खरं. मखमल चिकटवलेल्या माना, प्लॅस्टिकची झाडं, एमडीएफचे म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळीचे ट्रे. आमच्या भागात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याखालच्या दुकानात त्या मखमलीचा गोंद सुटतो, कडा वर येतात, लाल रंग विटून गुलाबी होतो. एमडीएफचं दुखणं पावसाळ्यात. एकदा कडेतून ओल आत शिरली की ती फळी फुगते आणि पुन्हा कधीच पूर्ववत होत नाही. शिवाय त्या माना कुठल्या तरी साच्यातून आलेल्या. आपल्या वज्रटिकेची रुंदी, आपल्या पोहेहाराची लांबी त्यांना ठाऊक नसते.

म्हणून माझा पहिला आग्रह हा की आधी दागिना मोजायचा, मग लाकडाला हात लावायचा. जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरा, त्यावर दागिना जसा आपण होऊन पडेल तसा पडू द्या आणि पेन्सिलने भोवती रेघ मारा. कुठला आडवा ठेवायचा, कुठला टांगायचा, कुठला दांडीत घालायचा हे तिथेच कळतं. एवढं झालं की मापं आपोआप ठरतात.

लाकडाचं म्हणाल तर आपण खान्देशातले लोक नशीबवान. जुनी धाब्याची घरं आता पाडली जाताहेत, स्लॅब पडताहेत. त्या घरांतल्या तुळया, खांब, कडीपाट, दाराच्या चौकटी भंगारात आणि लाकडाच्या वखारीत येऊन पडतात. पन्नास-साठ वर्षं घरात राहिलेलं सागवान. त्याच्यातलं पाणी कधीच निघून गेलेलं असतं, आता ते वेडंवाकडं होत नाही. बाहेरून काळंकुट्ट, चुन्याचे थर बसलेलं दिसतं, पण रंधा दोनदा फिरवला की आतून मधासारखा रंग निघतो आणि सागाच्या तेलाचा तो वास दुकानभर पसरतो. असं लाकूड आणलं की पहिलं काम चुका, म्हणजे बारीक खिळे, आणि मोठे खिळे शोधायचं. लोहचुंबक फिरवायचा. एखादी चूक राहून गेली तर रंध्याच्या पात्याला खाच पडते आणि पुढे प्रत्येक फळीवर तिची रेघ उमटत राहते.

फळीच्या कडेला फिकट, पांढुरका पट्टा असेल तर तो कापून टाका. ते झाडाच्या बाहेरच्या भागाचं लाकूड. भुंगा लागतो तो त्यालाच. टेबलावर पिठासारखी बारीक पूड पडलेली दिसली की समजावं. सागाचा आतला गाभा त्याला सहसा धार्जिणा नसतो.

सातपुडा आमच्या उशाशी आहे, म्हणून कुणी डोंगरातलं ओलं सागवान स्वस्तात आणून देतो म्हणतं. पावतीशिवायचं लाकूड मी घेत नाही आणि तुम्हीही घेऊ नका. एक तर ते चोरीचं असतं. दुसरं, ओल्या लाकडाचा खण आज चौकोनी असतो, उन्हाळ्यात तो कुठल्या आकाराचा होईल सांगता येत नाही.

दांड्यांसाठी मला बाभूळ आवडते. वखर, तिफण आणि बैलगाडीची चाकं बाभळीची का करत ते हातात घेतल्यावर कळतं, इतकी ती चिवट आणि जड. आणि स्टँडच्या बैठकीसाठी अंजन मिळालं तर सोडू नका. आपल्या कोरड्या रानातलं झाड, लाकूड एवढं घट्ट की पाण्यात टाकलं तर तळाला जातं. करवतीची धार खातं खरं, पण वितभर रुंद तुकडा खाली लावला की वर दोन डझन बांगड्या लटकवल्या तरी स्टँड हलत नाही. उंचीच्या निम्मी तरी बैठक रुंद हवी. लाकूड हलकं असेल तर निम्म्याहून जास्त.

मला हे काम आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या सुतारबाबांनी शिकवलं. त्यांची हयात औतं करण्यात गेली. दागिन्याचा स्टँड त्यांनी आयुष्यात केला नव्हता, पण रंधा कसा धरायचा, रेषा कुठल्या बाजूला वाहतात ते बघून हात कसा चालवायचा, पटाशीला धार कशी लावायची हे त्यांनी दाखवलं. घाई करताना दिसले की म्हणायचे, "लाकूडले घाई चालत नही, पोरी." त्यांचा गुण्या आजही माझ्याकडे आहे. काटकोन बघायला मी तोच वापरते.

आता बांगड्यांचा स्टँड. हा माझा सर्वांत आवडता, म्हणून त्यावर जरा रेंगाळते. आधी माप समजून घ्या. बांगडीवर २.४, २.६, २.८ असे आकडे असतात. २.४ म्हणजे आतला व्यास दोन इंच आणि वर इंचाच्या सोळा भागांपैकी चार, म्हणजे सव्वादोन इंच, साधारण ५७ मिलिमीटर. २.६ म्हणजे ६० मिलिमीटरच्या जरा वर, २.८ म्हणजे बरोबर अडीच इंच, साडेत्रेसष्ट मिलिमीटर. त्यापुढे २.१० येतो तो २.८ पेक्षा मोठा, कारण तो सोळातला दहावा भाग. नव्या सुना इथे हमखास गोंधळतात, १० हा आकडा दशांशासारखा वाचतात. घरात बांगडी असेल तर पट्टी आडवी धरून आतून आतपर्यंत मोजा, लगेच कळेल.

दांडी यापेक्षा बरीच बारीक हवी. मी ३० मिलिमीटर जाडीची घेते. ३० ची दांडी म्हणजे तिच्यावर बांगडी घातल्यावर खाली तेवढीच जागा उरते आणि तिथून बोट घालून एकेक बांगडी काढता येते. ५० ची दांडी दिसायला भारदस्त, पण २.४ ची बांगडी तिच्यावर जेमतेम सरकते, आणि काचेची असेल तर काढताना टवका उडतो. दांडीच्या खाली बैठकीपर्यंत ५० मिलिमीटर मोकळे सोडा. हिशेब सोपा आहे. २.८ ची बांगडी दांडीच्या वरच्या कडेपासून जाडीसकट ६७ मिलिमीटर खाली येते, त्यातले ३० दांडीने घेतले, उरले ३७. वरचे तेरा बोटांसाठी. पाटल्या, गोठ, जाड तोडे ठेवायचे असतील तर तेही पुरते.

लांबी किती? काचेची साधी बांगडी साधारण चार मिलिमीटर रुंद, म्हणजे डझनाला पाच सेंटिमीटर. हिरव्या चुड्याच्या दोन्ही हातांच्या बांगड्या एका दांडीवर हव्या असतील तर बारा-तेरा सेंटिमीटर सोडा, थोडी हवा राहिली पाहिजे. दांडीची लांबी वाढवायचा मोह टाळा. फिरोजाबादच्या काचेचंही वजन होतं, आणि लांब दांडीवर बांगड्या मध्यभागी दाटून बसतात, मधली काढायला गेलं की दोन्ही बाजूंच्या खणखणतात.

एका टोकाला दांडी पक्की बसवायची, खांबात भोक पाडून त्यात ठोकून. दुसरं टोक मोकळं असेल तर ते जरा वर कललेलं हवं, चार-पाच अंश, डोळ्याला जाणवेल न जाणवेल एवढंच. फडकं मारताना धक्का लागला तरी मग बांगड्या घसरत नाहीत. दोन्ही बाजूंना खांब हवे असतील तर एका खांबाला वरून यू आकाराची खाच करायची आणि दांडी त्यात नुसती ठेवायची. दांडीचा खाचेत बसणारा भाग खालून रंध्याने सपाट करा, म्हणजे ती गोल फिरत नाही. अख्खी दांडी बांगड्यांसकट उचलून आरशापुढे नेता येते. आमच्या दुकानात हिरव्या चुड्याच्या दांड्या अशाच आहेत. बाई हात पुढे करते, मी दांडी तिच्या मांडीवर ठेवते आणि बांगड्या भरायला घेते.

घरी पहिल्यांदा करून बघायचा असेल तर जुनं लाटणं घ्या. मधे फुगीर आणि टोकांना निमुळतं नसलेलं, सरळ लाटणं हवं. त्याच्या मुठीच खाचेत बसतात, वेगळं काही करावं लागत नाही.

झुमक्यांसाठी फळी. इथे सगळा खेळ जाडीचा आहे. कानातल्याची मागची दांडी एक सेंटिमीटरच्या आसपास असते. त्यात फिरकीला धरायला निम्मी तरी मोकळी हवी. म्हणजे फळी चार मिलिमीटरच्या वर गेली की फिरकी आटे धरत नाही आणि कुडी खाली पडते. सागाची फळी चार मिलिमीटरपर्यंत रंधताना ती चिरते, म्हणून मी अख्खी फळी पातळ करत नाही. बारा मिलिमीटरच्या फळीला मागच्या बाजूने पटाशीने लांब खाच काढते, भोकं येणार तेवढ्याच पट्ट्यात. समोरून फळी जाड दिसते, मागून तिथे ती पातळ असते. भोक दोन मिलिमीटरचं. लटकत्या झुमक्याची आकडी एक मिलिमीटरच्या आत असते, पण एक मिलिमीटरच्या भोकात ती घालायला चष्मा लावावा लागतो. भोक पाडताना मागे टाकाऊ लाकडाचा तुकडा घट्ट धरा, नाही तर ड्रिल बाहेर पडताना मागच्या बाजूची साल उडते.

दोन भोकांमधलं अंतर झुमक्याच्या रुंदीवर. एका जोडीतल्या दोन्हींत थोडं कमी, दोन जोड्यांमध्ये थोडं जास्त, म्हणजे जोड लगेच ओळखू येते. ओळींमधली उंची मात्र सर्वांत लांब लोलकाची घ्यायची. नाही तर वरच्या ओळीचे घुंगरू खालच्या ओळीच्या मोत्यांवर आपटत राहतात.

गळ्यातल्यांचं प्रकरण वेगळं. ठुशी, वज्रटीक, चिंचपेटी हे गळ्याला बिलगणारे दागिने. त्यांना मान हवी. बारा मिलिमीटरच्या फळीतून मानेचा आकार करवतीने कापायचा, कडा कानशीने गोल करायच्या आणि मागे तिरपा टेकू देऊन ती पाऊण उभी ठेवायची. अगदी सरळ उभी केली तर दागिना पोटाकडे लोंबतो, फार कलंडली तर दुरून दिसत नाही. उभ्या रेषेपासून पंधरा ते वीस अंश मागे, हे माप मला सगळ्यांना चालतं असं दिसलंय. ठुशीच्या मागची दोरी सरकती असते, त्यामुळे मानेच्या मागे एक छोटी खुंटी लावली की गोंडा तिथे अडकतो आणि ठुशी हवी तेवढी घट्ट बसते. वज्रटिकेला मान रुंद लागते, ती पट्टी असते, अरुंद मानेवर मधेच दुमडते. इथे वर्तमानपत्रावर काढलेली रेघ उपयोगी पडते.

पोहेहार, पुतळ्यांची माळ, मोहनमाळ टांगायच्या. खुंट्यांची रांग करायची, दोन खुंट्यांत पाच सेंटिमीटर अंतर. फळी किती उंचावर लावायची ते सर्वांत लांब हार दुमडून मोजा आणि खाली चार बोटं सोडा. खुंट्याही जरा वर कलत्या.

खऱ्या मोत्यांची माळ मात्र टांगू नका. मोती रेशमाच्या दोऱ्यात ओवलेले असतात आणि वजनाने दोरा हळूहळू ताणतो. मोत्यांमध्ये फटी दिसायला लागल्या की समजायचं, माळ टांगून टांगून लांबलीय. तन्मणी, खऱ्या मोत्यांची नथ, कुड्या यांना आडवा खण करा, तळाशी सुती कापड. मोती हा दगड नव्हे, फार मऊ असतो. आपल्याकडे वैशाखात वावटळी उठतात, घरभर धूळ येते. त्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि ते मोत्यापेक्षा कितीतरी कठीण. कोरड्या फडक्याने मोती खसखसून पुसला की त्याची चकाकी जाते. ओलसर मऊ सुती कापडाने, हलक्या हाताने पुसा आणि खणाला झाकण ठेवा.

मोत्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. लाकडातून, विशेषतः ताज्या लाकडातून, आंबट वाफा येत राहतात. व्हिनेगरमध्ये असतं तेच आम्ल, फार थोड्या प्रमाणात. ओक लाकडाच्या कपाटांत ठेवलेल्या शंख-शिंपल्यांवर पांढरी पूड चढते हे संग्रहालयांतल्या लोकांनी फार पूर्वी पाहिलं. बरीच वर्षं तो रोग समजला जात होता, पुढे कळलं की ते लाकडाच्या वाफांचं काम. मोती आणि शिंपला एकाच द्रव्याचे, कॅल्शियम कार्बोनेटचे. म्हणून मी मोत्यांसाठी नवं लाकूड वापरतच नाही. जुनं सागवान, त्यावर लाखेचं पॉलिश, वर कापड, आणि काम झाल्यावर डबा महिनाभर उघडा. पांढऱ्या फेविकॉलमधूनही वाळताना तशाच वाफा निघतात, त्या या महिन्याभरात बऱ्याच निघून जातात. आमच्या दुकानातले बहुतेक मोती काचेचे किंवा प्लॅस्टिकचे आहेत, त्यांना ही चिंता नाही. पण घरात आजीची खऱ्या मोत्यांची नथ असेल तर एवढं करा.

चांदी काळी पडते ती गंधकामुळे. हवेत गंधकाची वाफ थोडी असतेच, पण आपण डब्यात स्वतःच्या हातांनी गंधक ठेवतो हे कुणाच्या लक्षात येत नाही. रबरबँड, रबरी स्पंज, लोकरीचं कापड, या सगळ्यांत गंधक असतं. पैंजणांचा जोड रबरबँडने बांधून ठेवा आणि वर्षाने बघा, जिथे रबर टेकलं तिथे काळी पट्टी उमटलेली असते. म्हणून चांदीच्या खणाला लोकरीचं कापड किंवा फेल्ट लावायचं नाही, रबरी फोम भरायचा नाही. आपल्या शेतात कापूस पिकतो, दुसरं काही शोधायची गरजच काय? सरकी काढलेला कापूस पातळ पसरायचा, वर धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचं कापड ताणून बसवायचं. नव्या कापडाला खळ असते, तिला ओल धरते, म्हणून जुनंच बरं.

अंगठ्या आणि जोडव्यांसाठी तेच कापड बोटाएवढ्या जाडीच्या काड्यांवर गुंडाळून टाके घालते आणि त्या गुंडाळ्या खणात एकमेकींना खेटून दाबून बसवते. दोन गुंडाळ्यांच्या फटीत अंगठी उभी राहते, खडा वर. खण पूर्ण भरला पाहिजे, सैल राहिला तर अंगठ्या आत घसरतात. हिऱ्याची अंगठी असेल तर तिला शेजार नको. हिरा सगळ्यांवर ओरखडा काढतो आणि बावीस कॅरेटचं सोनं तर मऊच.

आता हवामान. आपल्याकडे मे महिन्यात लाकूड खडखडीत वाळतं आणि श्रावणात पाणी पिऊन फुगतं. लांबीत ते जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. त्यामुळे खणाच्या बाजू किती उंच आहेत त्यावर तो पावसाळ्यात अडकणार की नाही हे ठरतं. मी ओढते खण शक्यतो उन्हाळ्यात करते आणि वर दीड-दोन मिलिमीटर फट सोडते. ही फट मे महिन्यात डोळ्यांत खुपते, गणपतीत नाहीशी होते. पावसाळ्यात कुणी घट्ट बसणारा खण करून दिला तर तो दिवाळीनंतर खुळखुळणार. तळाची फळी कधीही चारही बाजूंनी चिकटवू नका, बाजूंना खाच काढून तिच्यात ती नुसती सरकवा. तिला फुगायला जागा मिळाली नाही तर ती स्वतः तरी फुटते नाही तर बाजूंचे सांधे उघडते. उन्हाळ्यात फेविकॉलही फार लवकर धरतो, म्हणून जोडाजोड सकाळी सातच्या आत किंवा रात्री, आणि लावण्याआधी सगळे तुकडे एकदा कोरडेच जुळवून बघायचे.

रंग मी लावत नाही. चपडा लाख स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत घालायची, कापडातून गाळायची आणि मऊ कापडाच्या बोळ्याने पातळ हात फिरवायचे. एक हात वाळला की बारीक पॉलिश पेपर, मग दुसरा. स्पिरिट चटकन उडतं, आपल्या उन्हाळ्यात तर फारच, त्यामुळे बोळा एका जागी थांबवायचा नाही. बांगड्यांच्या दांडीला लाखेपेक्षा जवसाचं तेल चांगलं, कारण बांगड्या घासून लाख निघते. पण तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेल्या बोळ्यात ती साठून तो आपोआप पेट घेऊ शकतो. बोळे पसरून मोकळ्या हवेत वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा. मुलाबाळांच्या घरात हे नक्की पाळा.

दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. घोडे बघायला लोक कुठून कुठून येतात आणि त्यांच्या बरोबरच्या बायकांना कटलरीचे पाल बघायचे असतात. यात्रेसाठी मी वेगळी पेटी केली आहे. दोन उथळ पेट्या बिजागरीने जोडलेल्या, उघडली की दोन्ही बाजू उभ्या राहतात, एका बाजूला झुमक्यांच्या फळ्या, दुसऱ्या बाजूला गळ्यातल्यांच्या खुंट्या. मिटताना आत जुन्या साडीचा पडदा सोडायचा, म्हणजे दोन्हीकडचा माल एकमेकांत अडकत नाही. पालात वारा फार, म्हणून पेटीच्या मागे दोन भोकं ठेवली आहेत, दोरीने बांबूला बांधायला. आणि पेटीची खालची ओळ मुद्दाम लहान मुलींच्या हाताच्या उंचीवर आहे. त्यांना हात लावू द्यायचा, कानाला लावून आरशात बघू द्यायचं. काचेच्या आतल्या दागिन्याकडे बोट दाखवावं लागतं, विचारावं लागतं, आणि पुष्कळ बायका विचारायला लाजतात. हातात आलेला दागिना त्या सहसा परत ठेवत नाहीत.

घरच्या मागण्यांत सध्या रुखवताची पेटी जास्त. नवरीचे दागिने मांडून दाखवायला वरचा ट्रे, आणि लग्नानंतर वापरायला खाली दोन खण. मांडवात ट्रे सगळ्यांनी बघावा म्हणून त्याच्या मागच्या पायाला आडकाठी असते, ती उघडली की ट्रे तिरका उभा राहतो. नव्या नवरीला खणात काय कुठे ते पाठ व्हायला वेळ लागतो, म्हणून मी खणाच्या कडेवर आतून पेन्सिलने लिहून देते, नथ, कुड्या, जोडवी, आणि एक पातळ कप्पा सराफाच्या पावत्यांसाठी.

दुसरी मागणी श्रावणातली. नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्याकडे घरोघरी कानबाई बसते, म्हणजे नारळाच्या रूपात देवी मांडतात. नारळाला नथ, डोळे, मणी, मंगळसूत्र, हिरव्या बांगड्या. सोमवारी विसर्जनाच्या वेळी हे सगळं उतरवायचं, पुसायचं आणि पुढच्या वर्षीपर्यंत जपून ठेवायचं. बहुतेक घरांत ते एखाद्या कापडात बांधून देव्हाऱ्याखाली जातं आणि पुढच्या श्रावणात नथीची तार वाकलेली निघते. त्यासाठी मी सागाचा एक छोटा डबा करते. मधे अर्धगोल खळगा, त्यात नथ अशी बसते की मोती कशालाच टेकत नाहीत, तारेची आकडी एका खाचेत अडकते. बाजूला लहान दांडी, तिच्यावर बांगड्या. झाकण सरकतं. हळदकुंकू दागिन्याला लागलेलं राहिलं की चांदीवर डाग पडतात, म्हणून डब्यात एक सुती फडकंही घालून देते, आधी पुसा मग ठेवा. हा डबा मी अंजन किंवा बाभळीचा करत नाही, सागाचाच. वर्षातून एकदाच उघडला जाणारा डबा, त्यात भुंगा शिरला तर कळायला वर्ष जाईल.

सोन्याविषयी स्पष्ट सांगते. उघडे स्टँड हे रोजच्या चांदीचे, नकली मोत्यांचे, बेन्टेक्सचे. खरं सोनं लॉकरमध्येच ठेवा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुली माहेरी आल्या, लॉकरमधून दागिने आणले, तेवढे चार दिवस स्टँडवर मांडा, सगळ्यांनी बघा, घाला, झोके घ्या आणि परत ठेवून या. खिडकीसमोर तर कधीच मांडू नका.

सध्या हातात एक वेगळं काम आहे. डोंगराकडच्या एका पावरा आदिवासी बाईने तिच्या सासूचे चांदीचे हार, कडे आणि कमरेची साखळी ठेवायला स्टँड मागितला आहे. होळीआधी आदिवासींचा भोंगऱ्या बाजार भरतो, त्याला ती हे सगळं अंगावर घालते. चांदी भरीव, एकेक दागिना हातात घेतला की मनगट खाली जातं. नेहमीच्या खुंट्या इथे चालणार नाहीत. म्हणून बाभळीच्या अंगठ्याएवढ्या जाड खुंट्या घेतल्यात, फळीच्या आरपार भोक पाडून मागून पाचर ठोकणार, खिळा एकही नाही. फळी भिंतीला दोन ठिकाणी स्क्रूने पक्की होईल. साखळी टांगायची नाही, तिला खाली नागमोडी खाच असलेली पाटी करतेय, साखळी त्या खाचेत वळणावळणाने निजेल आणि कड्या एकमेकींत अडकणार नाहीत. खाचेची रुंदी ठरवायला ती साखळी पुन्हा एकदा मोजायला हवी, पुढच्या आठवडे बाजाराला ती आणते म्हणाली आहे.